बूस्ट वाढवायचाय, पण गॅस्केटची धास्ती वाटते

गेल्या अंकात रोजच्या वापरातल्या टर्बो गाड्यांच्या रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब (बूस्ट) आणि ताकद वाढवण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रांग लागली. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच : ताकद वाढवली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडेल का? त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. माझा धंदा कोल्हापुरात उद्यमनगरात, हेड फेसिंगचा (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करण्याचा) आणि इंजिन बांधण्याचा. गाडी किती जोरात पळाली ते सांगायला गिऱ्हाईक असतंच, ती बंद का पडली ते मला हेडवर दिसतं. माझी उत्तरं त्या बाजूने आलेली आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : माझी २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). रनिंग ९४ हजार. रोज चिंचवड ते खराडी, अधूनमधून गावी कराडला. मागच्या वर्षी स्टेज १ रीमॅप केला, गाडी मस्त चालते. आता स्टेज २ करायचंय, म्हणजे डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा). ट्यूनर म्हणतो, आधी हेड उतरवून मल्टिलेअर स्टीलचं गॅस्केट आणि रेसिंगचे स्टड (हेड धरून ठेवणारे जास्त मजबूत बोल्ट) टाकून घ्या, मग निर्धास्त राहा. खर्च लाखाच्या घरात सांगतोय. करून घेऊ का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नका करू. चांगलं चाललेलं हेड उघडू नका.

पहिली गोष्ट, तुमच्या इंजिनात कंपनीतूनच पोलादी थरांचं गॅस्केट आहे. स्प्रिंग स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक, प्रत्येक सिलिंडरभोवती उठवलेली नक्षी, आणि वर रबराचा पातळ लेप. ॲस्बेस्टॉस आणि तांब्याच्या पत्र्याचे दिवस केव्हाच गेले. त्यामुळे ‘मल्टिलेअर टाकून देतो’ म्हणजे जे आहे तेच काढून दुसरं टाकणार, आणि मधल्या काळात कारखान्यात नीट बसलेला जोड मोडणार. तो जोड स्वच्छ जागेत, मोजून, मशीनने आवळलेला असतो. गॅरेजमध्ये तेवढ्या निगुतीने बसवणारे हात आहेत, नाहीत असं नाही, पण ते तुम्हाला मिळतीलच याची खात्री काय?

दुसरी गोष्ट जरा सावकाश समजून घ्या, कारण सगळी भीती इथे आहे. लोकांना वाटतं, टर्बोचा दाब वाढला की तो दाब गॅस्केटला फोडतो. टर्बोचा दाब म्हणजे किती? एक-सव्वा बार. गॅस्केटला जो दाब सोसावा लागतो तो पेट्रोल पेटल्यानंतरचा, आणि टर्बो पेट्रोलमध्ये तो ८० ते १०० बारच्या आसपास जातो. तुमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८२.५ मिलिमीटरचा. ९० बार धरले तर एका सिलिंडरवर हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ पाच टन होतो. रीमॅपनंतर तो साडेपाच-सहा टनांवर जाईल. हेडचे बोल्ट हे लक्षात घेऊनच बसवलेले असतात, त्यात राखीव जोर असतो. शिस्तीत पेटणारं पेट्रोल सहा टन देतं तेव्हा गॅस्केट कुरकुरत नाही.

कुरकुर सुरू होते नॉकिंगने. स्पार्कने लावलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपणहून एकदम पेटतं आणि दाब क्षणात टोकदार चढतो. हेड बोल्टवर किंचित उचललं जातं, परत बसतं. असं हजारदा झालं की सिलिंडरभोवतालची नक्षी दबते, तिचा ताण जातो. माझ्याकडे अशी गॅस्केटं येतात तेव्हा दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळी रेघ आलेली असते. लेप जळालेला, पत्रा निळसर. पिस्टन बघितला तर कडेला बारीक खड्डे, सँडब्लास्ट केल्यासारखे. मालक म्हणतो, गॅस्केट कमजोर होतं. अहो, गॅस्केटने फक्त बातमी आणली.

म्हणून ट्यूनरला स्टडबद्दल विचारू नका, लॉग मागा, म्हणजे गाडी पळताना कॉम्प्युटरने टिपलेले आकडे. कराडला जाताना खंबाटकीच्या चढाला, एप्रिलच्या दुपारी, एसी चालू ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय देऊन घेतलेला लॉग. त्यात नॉकिंग टाळायला प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्कचं टायमिंग किती अंश मागे घेतलं जातंय ते दिसतं. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे झाला तर इंजिन आपलं काम करतंय. एकाच सिलिंडरवर सतत चार-पाच अंश मागे जात असेल तर मॅप तुमच्या पेट्रोलला जड आहे. जो ट्यूनर पहाटेच्या गारव्यात हायवेवर लॉग घेऊन ‘झालं’ म्हणतो त्याला हात जोडा. पेट्रोलही ठरवून टाका. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखायची ताकद. मॅप १०० ऑक्टेनवर केला आणि वाटेत मिळेल त्या पंपावर साधं भरलं, तर तो मॅप तुमचा राहिला नाही. गावाकडच्या रस्त्यावर १०० ऑक्टेन कुठे शोधणार? कराडला नियमित जाणाऱ्याने ९५ वर मॅप करून घ्यावा आणि दहा-पंधरा घोडे कमी घ्यावेत, असं माझं मत.

मोठा इंटरकूलर मात्र जरूर घाला. आपल्या उन्हाळ्यात त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. आत जाणारी हवा जितकी गार तितकं नॉकिंग लांब.

आणि एक सवय. डीएसजी मॅन्युअल मोडला टाकून, वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय तळाला टेकवायचा, गाडी ओढते बघा म्हणून मित्राला दाखवायचं, हे बंद करा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर आणि पूर्ण ताणावर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याचा एक झटकासुद्धा पिस्टनची कड उडवायला पुरतो. तेलातल्या घटकांचाही यात हात असतो. म्हणून २०२० मध्ये आलेला तेलाचा एपीआय एसपी दर्जा असे झटके कमी व्हावेत हेही बघतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो दर्जा लिहिलाय तेच तेल घाला, ‘सेमच आहे’ म्हणून दुसरं नको.

आता लाख रुपये वाचले ते कुठे घालायचे? तुमच्या पिढीच्या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) एकत्र हाउसिंग प्लॅस्टिकचं आहे. ते वयानुसार गळतं, आणि हे जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. ९४ हजार झालेत. गळत नसलं तरी स्टेज २ च्या आधी बदलून टाका. तुमच्या हेडमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्याच पोटात ओतलेलं आहे, म्हणजे एक्झॉस्टची उष्णतासुद्धा कूलंटलाच, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यालाच, वाहावी लागते. तिथे कूलंट अर्धा लिटर कमी असणं ही किरकोळ गोष्ट नाही. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्या दोघांच्या मध्ये धूळ, किडे आणि आमच्या भागात उसाचा पाचोळा अडकतो. बंपर काढून दोन्ही वेगळे करून धुऊन घ्या. वरून पाइप मारून तो मधला थर निघत नाही.

एक राहिलं. तुमचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) केलेला आहे आणि तुमचं इंजिन मुळातच २५० देत होतं. स्टेज १ नेच तुम्ही त्या रेषेपलीकडे गेलात. स्टेज २ नंतर आधी काय जाईल असं विचाराल तर मी गॅस्केटवर पैज लावणार नाही, क्लच पॅकवर लावेन. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि विमावाले क्लेमच्या वेळी ते बरोबर आठवतात. हे सगळं डोळ्यासमोर ठेवून ठरवा. गाडी तुमची, हौस तुमची.

प्रश्न : माझी १.२ टर्बो पेट्रोल हॅचबॅक गेल्या उन्हाळ्यात कसारा घाटात गरम झाली. काटा वर गेला तरी मी हॉटेलपर्यंत चार किलोमीटर नेली. हेड गॅस्केट गेलं. गॅरेजवाल्याने हेड ‘साफ करून’ नवीन गॅस्केट टाकलं. तीन महिन्यांत परत तेच. आता तो म्हणतो गॅस्केट डुप्लिकेट होतं, ओरिजिनल आणा. मॅप स्टॉकच (कंपनीचाच) आहे, पुढे रीमॅप करायचा विचार होता. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ओरिजिनल आणा, पण त्याने काम होणार नाही. ‘साफ करून’ हा शब्द वाचूनच मला पुढचं चित्र दिसलं.

हेड ॲल्युमिनियमचं. पाणी संपल्यावर ते एकीकडे जास्त तापतं, बोल्टांनी धरलेलं असल्यामुळे फुगायला जागा नाही, मग ते दबतं आणि गार झाल्यावर वाकतं. डोळ्यांना काही दिसत नाही. दिसायला सरळ पट्टी आणि फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा) लागतो. हेड उलटं टेबलावर ठेवायचं, पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची, आणि पट्टीखाली पान सरकतंय का बघायचं. बऱ्याच नव्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. डोक्याचा केससुद्धा यापेक्षा जाड असतो. घाटात काटा वर असताना चार किलोमीटर चाललेलं हेड या मापात बसेल, अशी आशा मी करणार नाही.

त्याने बहुधा ग्राइंडरला ती मऊ खरखरीत चकती लावून जुना लेप काढला असणार. दहा मिनिटांत हेड चांदीसारखं चमकतं, गिऱ्हाईक खूश. पण ती चकती मऊ ॲल्युमिनियम खाते, जिथे हात रेंगाळला तिथे खळगा पडतो. जुन्या जाड ग्राफाइटच्या गॅस्केटने तो खळगा भरून घेतला असता. पोलादी थरांचं गॅस्केट तसं मनमिळाऊ नाही, त्याला आरशाच्या जवळ जाणारी पातळी लागते. दुसरं म्हणजे चकतीची खर तेलात जाते आणि बेअरिंग खाते. त्या गाडीचं तेल आणि फिल्टर तेव्हाच बदलले होते का, ते विचारा.

तर हेड चांगल्या मशीन शॉपला द्या आणि तीन गोष्टी करून घ्या. आधी दाबाखाली पाण्यात बुडवून तडा तपासायचा. तडा निघाला तर फेसिंगचा खर्च वाया. मग फेसिंग, पण कमीत कमी. किती काढलं ते कागदावर लिहून मागा. टर्बोत हे फार महत्त्वाचं आहे. समजा एका सिलिंडरची क्षमता ४५० सीसी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.६ आहे. ०.३ मिलिमीटर काढलं तर ते जवळजवळ ९.९ होतं, म्हणजे रीमॅपच्या आधीच तुम्ही इंजिन नॉकिंगच्या जवळ नेऊन ठेवलंत. शिवाय हेड खाली आल्याने वरच्या कॅमचं (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग थोडं सरकतं. तिसरं, ब्लॉकची वरची बाजू. हेड सगळे नेतात, ब्लॉक कोणी बघत नाही. तो गाडीतच असतो, त्यावर पट्टी ठेवायला कमरेत वाकावं लागतं, एवढंच कारण.

बोल्ट नवीन. बहुतेक आधुनिक इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात, कारण आवळताना ते मुद्दाम ताणले जातात आणि त्या ताणावरच हेड दाबून बसतं. जुना ताणलेला बोल्ट पुन्हा आवळला की पाना ‘कट’ म्हणतो, पण दाब कमीच असतो. आवळण्याआधी ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी हवीत. तळाशी पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट त्याला दाबतो, तिथे मोजणी चुकते, क्वचित ब्लॉकच फुटतो. आम्ही सिरिंजने ओढतो, मग हवा मारतो. नंतर मधून बाहेर, कंपनीच्या क्रमाने, आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत आणि मग ठरलेले अंश फिरवून. अंदाजाने ‘बस झालं’ म्हणणारा हात कितीही मुरलेला असो, इथे तो नको. आणि गॅस्केटवर सिलिकॉन लावू देऊ नका, कंपनीने एखाद्या कोपऱ्यावर सांगितलं असेल तेवढंच.

रीमॅपचं म्हणाल तर वर्षभर तरी थांबा. आधी हे हेड एक उन्हाळा काढू दे. आणि मुळात गाडी का तापली ते कुठेच लिहिलं नाहीत. फॅन लागत नव्हता? पाइप फुटला? थर्मोस्टॅट अडकला होता? ते सापडल्याशिवाय तिसरं गॅस्केट आणू नका. जाता जाता : कोणी ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गारच राहील’ म्हणालं तर ऐकू नका. इंजिन गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि पाणी रेडिएटरमधून नको तेव्हाही फिरत राहतं. आपल्याकडचा हा सर्वांत हट्टी रोग आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. २०११ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली आहे, १ लाख ३० हजार मैल. इथे सगळे म्हणतात सुबारू म्हणजे हेड गॅस्केट जाणारच, पॉवर वाढवण्याआधी बदलून घे. इकडे मजुरी किती आहे ते तुम्हाला माहीत असेलच. भारतात असताना हेड तुमच्याकडेच टाकलं असतं!
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : टाकलं असतं तर मलाही बघायला आवडलं असतं. बॉक्सर इंजिन, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेलं, आमच्या टेबलावर क्वचितच येतं.

सुबारूची ती बदनामी खरी आहे, पण ती मुख्यतः टर्बो नसलेल्या २.५ लिटर इंजिनांची. बॉक्सरमध्ये हेड आडवं, बाजूला बसतं, त्यामुळे गॅस्केटची खालची कड सतत तेल आणि कूलंटमध्ये भिजलेली राहते. त्या गाड्यांत ग्राफाइटचा लेप असलेलं गॅस्केट होतं आणि त्या खालच्या कडेतून बाहेर पाझर सुरू व्हायचा. तुमच्या टर्बो इंजिनात, म्हणजे ईजे-२५५ मध्ये, कंपनीने पोलादी थरांचंच गॅस्केट दिलं. टर्बो नसलेल्या इंजिनात टर्बोचं गॅस्केट टाकून घेणारे मेकॅनिक तिकडे बरेच आहेत, यावरून समजा.

तरी तुमचं इंजिन बिनधास्त नाही. ९९.५ मिलिमीटरचा मोठा बोअर, आणि एका हेडला सहाच बोल्ट, मधले दोन दोन्ही सिलिंडरांना सामाईक. दाब फार वाढवला तर हेड उचललं जायला इथे तुलनेने वाव आहे. पण त्याआधी पिस्टनच्या रिंगमधल्या पट्ट्या तुटण्याची या इंजिनाची ख्याती जास्त आहे. कारण तेच, नॉकिंग.

म्हणून लीक-डाउन टेस्ट करून घ्या. सिलिंडर वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचं. तेलाच्या टोपीतून फुसफुसली तर रिंग किंवा पिस्टन. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. एक्झॉस्टमधून आली तर वाल्व्ह. तासाभराचं काम, आणि इंजिन न उतरवता उत्तर मिळतं. टेस्ट चांगली आली तर गॅस्केटला हात लावू नका. वाईट आली तर इंजिन खाली येणारच आहे, मग गॅस्केट, चांगले स्टड, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप सगळं एका मजुरीत करा. ज्याचं हेड उघडलंच आहे त्याने स्टड टाकावेत, तिथे माझा विरोध नाही.

तुमच्याकडच्या थंडीची एक गोष्ट. सकाळी उणे दहाला गाडी काढली आणि काटा हलायच्या आत बूस्ट मारला, तर हेड, ब्लॉक, पिस्टन आपापल्या वेगाने तापतात. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियम हेड असेल तर ही ओढाताण आणखी वाढते. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते ब्लॉकपेक्षा साधारण ०.४ मिलिमीटर जास्त लांबतं, आणि गॅस्केट त्या दोघांमध्ये घासलं जातं. तुमचा ब्लॉक ॲल्युमिनियमचाच आहे म्हणून हे कमी, पण दोघांचं तापमान सारखं व्हायला वेळ द्यावाच लागतो. तेल गरम होईपर्यंत सबुरी. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही.

कूलंट बदललं तर हवा नीट काढा. बॉक्सरमध्ये हवेचा फुगा अडकायला जागा भरपूर, आणि ‘नवीन गॅस्केट टाकूनही तापते’ अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी तो फुगा असतो.

प्रश्न : डिझेल एसयूव्हीला ट्यूनिंग बॉक्स लावला आहे. उसाच्या शेतातला ट्रेलर ओढायला पिकअप वाढला, धूरही वाढला. मेकॅनिक म्हणतो डिझेलमध्ये नॉकिंग नसतं, त्यामुळे गॅस्केटला धोका नाही. खरं आहे का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : अर्धं. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं नॉकिंग नाही, पण पेटल्यानंतरचा दाब मुळातच दीडशे बारच्या वर असतो. बऱ्याच स्वस्त बॉक्सची युक्ती एकच असते : कॉमन रेलचा दाब कमी असल्याचं खोटं इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगायचं, म्हणजे तो दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जातं. किती हवा आहे, एक्झॉस्ट किती तापलंय, याचा त्या डबीला पत्ता नसतो. काळा धूर म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त. ट्रेलर ओढताना हे मिनिटभर नव्हे, अर्धा-अर्धा तास चालतं. आणि शेतातून निघताना वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वारा नाही. गॅस्केट, हेडमधला वाल्व्हच्या मधला भाग आणि टर्बो, तिघांनाही ते सोसायचं.

बॉक्स काढा. ओढायचं काम रोजचं असेल तर रेडिएटर आणि फॅन ठीक करून स्टॉक मॅपवर ओढा, एक गिअर खाली ठेवून. पिकअप कमी वाटेल, पण ट्रेलर घरी येईल.

डिझेलचं हेड कधी उतरलंच तर एक गोष्ट तपासा. अनेक डिझेल इंजिनांचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी निवडायची असते. ती ओळखायला गॅस्केटच्या कडेला एक, दोन, तीन भोकं किंवा खाचा असतात. जुन्या गॅस्केटवरची भोकं मोजा, फोटो काढून ठेवा. दुकानदाराने ‘हेच चालतं’ म्हणून कमी भोकांचं दिलं आणि पिस्टन वाल्व्हला टेकला, तर भोकांची गंमत फार महागात पडते. काही डिझेल हेडना फेसिंग करायलाच कंपनीची परवानगी नसते, तेव्हा वाकलं की नवीन हेड, हेही आधीच मनाची तयारी ठेवून.

प्रश्न : ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे टर्बो गाडीचं गॅस्केट लवकर जाईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गॅस्केटसाठी नाही. इथेनॉल नॉकिंगला पेट्रोलपेक्षा चांगलं रोखतं, आणि आत उडताना मिश्रण गारही करतं. भारतीय मानकात ई-२० चं ऑक्टेन ९५ आहे. काळजी वेगळी : इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली येतं, आणि जुन्या गाड्यांचे रबराचे पाइप, सील यांचा प्रश्न. जुन्या पेट्रोलवर केलेला रीमॅप असेल तर इंधनाचं प्रमाण आता कसं जुळतंय ते पुन्हा एकदा लॉग करून बघा. मॅप काठावर केलेला असेल तर तिथे फरक पडू शकतो.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसतो. रीमॅप दोन महिन्यांपूर्वी केला. गॅस्केट गेलं का?
— एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : महाबळेश्वर वाचून जीव भांड्यात पडला. तिथे पावसाळ्यात आणि थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या चांगल्या गाड्यांच्या झाकणाखालीही तो थर दिसतो. इंजिन पुरतं तापत नाही, हवेतलं पाणी झाकणाला धरतं आणि तेलात कालवलं जातं. डिपस्टिक बघा. तिच्यावरचं तेल स्वच्छ असेल, कूलंटची पातळी आठवडाभर खुणेवरच असेल आणि धूर पाच मिनिटांत विरत असेल, तर वाफ आहे.

गॅस्केटची लक्षणं वेगळी. सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा पाइप टणक लागला तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय. कूलंट कमी होतंय पण गळतीचा डाग नाही, सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं मिसिंग मारून मग सरळ होते, धुराला गोडसर वास आहे, चढाला काटा वर आणि उताराला खाली, यातलं एखादं दिसलं तर गॅरेजमध्ये निळ्या द्रावाची टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीतली हवा त्या द्रावातून ओढतात. जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. शंभर टक्के पुरावा नव्हे, कारण गळती बारीक असली तर गार गाडीवर ती दिसत नाही. म्हणून वेण्णा लेकपर्यंत जाऊन यायचं सोडा, पसरणीचा घाट चढवून आणा आणि लगेच टेस्ट करा. आणि गरम असताना झाकण उघडू नका. बंद झाकणाखाली दाब असतो म्हणून कूलंट सव्वाशे अंशांपर्यंतही न उकळता थांबतं, झाकण फिरवलं की ते एकदम उसळतं. टेस्ट करणाऱ्याने आधी दाब उतरू दिला पाहिजे.